बंदूक पायांनी चालत नाही

आमच्या हॅटन गावात नीतिमत्ता नेमकी कधी बुडाली, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने वेंडेल स्ट्राउडला विचारावं. तो साल सांगेल, महिना सांगेल आणि वेळ असेल तर कारणंही सांगेल. आधी शाळेतली प्रार्थना गेली. मग बापाच्या हातातला पट्टा गेला. मग पोरांच्या तोंडातलं 'येस सर' गेलं, आणि राहिलं काय, तर मोबाइल. हे तो न्हाव्याकडे सांगे, चर्चच्या पायऱ्यांवर सांगे आणि तिथे ऐकणारे कमी पडले की गावच्या साप्ताहिकाला पत्र लिहून कळवी. अठ्ठावीस वर्षांत त्याची दोनशेच्या वर पत्रं छापून आली होती. एकदा संपादकीणबाईंनी एक पत्र छापलं नाही, तर ते का छापलं नाही यावर त्याने दुसरं पत्र लिहिलं. ते मात्र बाईंनी निमूट छापलं.

प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला असे. 'बंदूक पायांनी चालत शाळेत जात नाही. तिला कोणीतरी माणूस घेऊन जातो.' वाक्य खोटं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे जे झालं त्यात तर ते जरा जास्तच खरं ठरलं.

वेंडेल एकतीस वर्षं गॅसच्या ट्रकवर होता. माळावरच्या एकेकट्या घरांच्या टाक्या भरायच्या, म्हाताऱ्या बायकांची चौकशी करायची, कुत्र्यांना ओळख दाखवायची. हिवाळ्यात रस्ते बंद झाले तरी वेंडेलचा ट्रक येणार, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. माणूस कामाला पक्का आणि शब्दालाही पक्का. हे सगळं आपल्या बापाच्या पट्ट्यामुळे झालं असं त्याचं ठाम मत. त्या एका पट्ट्यावर चार भाऊ वाढले. त्यातला एक तुरुंगात जाऊन आला आणि एक अलास्काला पळाला तो परत आलाच नाही. म्हणजे पट्ट्याचा निकाल पन्नास टक्के लागला. पण वेंडेल पास झालेल्यांतला असल्यामुळे त्याला परीक्षेत काही खोट दिसली नाही.

त्याच्या तरुणपणी हरणांच्या शिकारीचे दिवस आले की हायस्कूलच्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक पिकअपच्या मागच्या काचेत रायफल टांगलेली असायची. आणि कुणी कुणाला मारलं नाही, असं वेंडेल सांगे. बरोबर आहे, आम्हीही तिथेच होतो. एकाने रागाच्या भरात गणिताच्या मास्तरांच्या गाडीचं टायर उडवलं होतं, तेवढं वेंडेल गाळतो.

त्याची बायको लोरीन होती तोवर त्याचं सगळं सुरळीत होतं. तो घराबाहेर पडायला लागला की ती स्वयंपाकघरातूनच मोजायची, "किल्ल्या, चष्मा, पिस्तूल." दोन्ही खिशांवर आणि कमरेवर थाप मारून तो हो म्हणायचा. लोरीन तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्याचा चष्मा एकदा दाताच्या डॉक्टरकडे, एकदा बँकेत आणि दोनदा चर्चच्या बाकावर राहिला. किल्ल्या तर फ्रिजमध्ये सापडल्या. पिस्तुलाचं काय, हे कुणी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारत नाहीत.

त्याची मुलगी मार्लिस गावच्या प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. दोन जिल्हे पलीकडच्या एका शाळेत गोळीबार झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बापाकडे आली आणि जेवणाच्या टेबलापाशी कोट न काढताच बसून राहिली.

"डॅडी, मी आज वर्गातलं कपाट मोजलं," ती म्हणाली. "लपायला दाटीवाटीने चौदा पोरं मावतात. माझ्याकडे एकवीस आहेत."

वेंडेलला रडू आलं. तो उठला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्याला दुसरं काही येत नसल्यामुळे त्याने साप्ताहिकाला पत्र लिहिलं.

गावानेही हातपाय हलवले, नाही असं नाही. अग्निशमन दलाच्या मंडळींनी सोडत काढली आणि त्या तिकिटांच्या पैशांतून शाळेच्या सगळ्या दारांना आतून बसणारी जाडजूड कुलपं आली. सोडतीत पहिलं बक्षीस काय होतं? रायफल. दुसरं बक्षीस होतं डुकराचं मांस, पण त्याला कुणी फारसं विचारलं नाही. आणि मग शाळा मंडळाने नवी योजना काढली. गावातल्या चार भरवशाच्या माणसांना बिल्ला द्यायचा, शस्त्र बाळगायची परवानगी द्यायची आणि शाळेवर राखण ठेवायची. यादीत पहिलं नाव वेंडेलचं. मतदान गुरुवारी होतं.

मार्लिसला हे पसंत नव्हतं. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर बापाला कधी उलटून बोलली नाही, पण घरात तिने सुनावलं होतं. ज्यांना चष्मा सापडत नाही त्यांनी माझ्या पोरांमध्ये पिस्तूल घेऊन फिरायचं नाही, असं ती म्हणाली. वेंडेलला ते फार लागलं. तो दोन रविवार तिच्याकडे जेवायला गेला नाही.

आता मतदानाच्या आधीच्या मंगळवारचं सांगतो. दरवर्षी वसंतात वेंडेल दुसरीच्या मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेचा धडा द्यायला जात असे. धडा चार वाक्यांचा. थांब. हात लावू नको. लांब जा. मोठ्या माणसाला सांग. पोरांकडून तो हे गाण्यासारखं घोकून घ्यायचा आणि नंतर ससे रंगवायचे कागद वाटायचा. बरोबर केशरी रंगाचं प्लास्टिकचं पिस्तूल असायचं. आदल्या संध्याकाळी मार्लिसने फोनवर विचारलं होतं, "फक्त प्लास्टिकचंच ना, डॅडी? शब्द द्या."

वेंडेलने शब्द दिला. आणि सकाळी कपडे करताना त्याने नेहमीसारखं खरं पिस्तूल कमरेला उजवीकडे अडकवलं. शर्ट सोडला, आरशात पाहिलं, काही दिसत नव्हतं. शब्द मोडतोय असं त्याला वाटलं नाही. गुरुवारी परवानगी मिळणारच आहे, तर मंगळवारी दोन दिवस आगाऊ घेतली, एवढंच. कायदा पाळणाऱ्या माणसाची एक गंमत असते. आपण जे करतो ते कायद्यातच बसत असणार, अशी त्याची पक्की खात्री असते.

शाळेत पोचल्यावर त्याला घाई लागली. वय एकसष्ट, सकाळची दोन मग कॉफी. दुसरीच्या वर्गाशेजारी एकच संडास, त्यात भांडं पोरांच्या मापाचं, गुडघ्याच्या खाली. पट्टा सोडला की पिस्तुलाच्या वजनाने पँट थेट फरशीवर जाते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून पिस्तूल काढून कुठेतरी ठेवावं लागतं. वेंडेलने ते कागदाच्या गुंडाळीच्या डब्यावर ठेवलं. मग त्या बुटक्या भांड्यावरून उठताना गुडघा कळवळला, चष्मा घसरला, तो त्याने नीट लावला, पट्टा आवळला आणि हात धुतले. दाराशी त्याने सवयीने चाचपून पाहिलं. किल्ल्या. चष्मा. तेवढ्यात बाहेरून मार्लिसची हाक आली, पोरं वाट पाहतायत म्हणून. तिसरं राहूनच गेलं.

धडा उत्तम चालला होता. पोरं गालिच्यावर मांडी घालून बसली होती, वेंडेल लहानशा खुर्चीत, हातात केशरी पिस्तूल. मोठेपणी तुम्हाला सगळे बिघडवायला बघतील, पण तुम्ही नियम पाळा, असं काहीसं तो सांगत होता. मध्येच टॅन्सी नावाच्या मुलीने बोट वर केलं. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मार्लिसने तिला संडासला जाऊ दिलं. दोन मिनिटांत टॅन्सी पळत परत आली, सरळ बाईंपाशी गेली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली.

मार्लिसचा चेहरा पांढरा झाला. पण तिने आवाज चढवला नाही. दार लोटलं, ते जाडजूड कुलूप आतून लावलं, दिवे घालवले आणि भिंतीवरचं लाल बटण दाबलं. छतातून शांत आवाजात सूचना आली. एकवीस पोरं उठली आणि खिडकीतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली. कुणी रडलं नाही, कुणी ढकललं नाही. एका मुलाच्या बुटात पावलागणिक लुकलुकणारे दिवे होते; त्याने बूट काढले आणि मांडीखाली दाबले. आजकालच्या मुलांना शिस्त नाही, असं वेंडेलने शंभर वेळा लिहिलं होतं.

आणि वेंडेल? खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली. अठ्ठावीस वर्षं लिहीत आलो तो दिवस हाच, असं त्याला वाटलं. तो दाराच्या बाजूला, पोरांच्या पुढे, एका गुडघ्यावर बसला. देवाचं नाव घेतलं. उजवा हात शर्टाखाली घातला.

कमरेला काहीच नव्हतं.

त्याने डावीकडे चाचपलं. मागे चाचपलं. केशरी पिस्तूल तेवढं हातात होतं. मग त्याच्या डोळ्यांसमोर तो कागदाचा डबा आला.

मार्लिस सरकत त्याच्याजवळ आली आणि कुजबुजली. संडासात पिस्तूल आहे, टॅन्सीने पाहिलंय, कुणाचं ते माहीत नाही, ठेवणारा इमारतीत असणार, शेरीफचे पोलीस निघाले आहेत. मग ती अंधारात त्याच्याकडे बघत राहिली.

"डॅडी, तुमचं नाही ना?"

"माझं?" वेंडेल म्हणाला. "मी शब्द दिला होता ना तुला."

हे वाक्य किती बेमालूम निघालं! त्याच्या बापाने ऐकलं असतं तर पट्टा काढला असता. मार्लिसने मान हलवली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पोरांकडे परत गेली. तिने विश्वास ठेवला, हेच वेंडेलला सोसवेना. पण तो मूग गिळून बसला. गुरुवारी मतदान होतं. दोनशे पत्रं छापून आली होती. शिवाय शेरीफची माणसं येतील, पिस्तूल उचलतील, त्यावर कोरलेल्या आकड्यावरून मालक शोधतील, तोवर काहीतरी सुचेल. कुणी घाबरून मरत नाही पाच-दहा मिनिटांत, असं त्याने स्वतःला सांगितलं. जबाबदारी झटकणाऱ्या पिढीवर त्याचं एक गाजलेलं पत्र होतं, ते त्याला तेव्हा आठवलं नाही.

मार्लिसने डब्यातून लॉलीपॉप काढून एकेकाला दिले. हा डबा याच कामासाठी ठेवलेला असतो. तोंडात गोड असलं की पोरं बोलत नाहीत. बाहेर बुटांचा आवाज झाला, कुणीतरी दाराची मूठ हलवून पाहिली आणि एकवीस पोरांनी एकदम श्वास रोखला. लुकलुकत्या बुटांच्या मुलाखालचा गालिचा ओला झाला. त्याने आवाज केला नाही, फक्त बाईंचा हात घट्ट धरला. मार्लिस पोरांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन बसली होती, पाठ दाराकडे करून. माझी पोरगी स्वतःची पाठ पुढे करून बसलीय, आणि ती माझ्याच पिस्तुलापुढे, हे वेंडेलला दिसत होतं. तरी त्याची जीभ उचलेना.

अकरा मिनिटं गेली. मग टॅन्सी सरकत सरकत त्याच्यापाशी आली. मिस्टर वेंडेलला कुणी लॉलीपॉप दिला नाही, हे तिने पाहिलं होतं. तिने आपला तोंडातला काढला, फ्रॉकला पुसला आणि त्याच्या हातात ठेवला. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मी हात नाही लावला, मिस्टर वेंडेल. तुम्ही सांगितलं होतं तस्सं केलं. थांबले, हात नाही लावला, लांब गेले, आणि मोठ्या माणसाला सांगितलं." ती जरा थांबली. "बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंस, बाळा," वेंडेल म्हणाला. मग चार पावलं रांगत तो मार्लिसपाशी गेला. "मार्ली. ते माझं आहे."

मार्लिसने फोनवर ऑफिसला चार शब्द लिहून पाठवले. वेंडेलला वाटलं, आता दार उघडेल आणि आपण बाहेर पडू. पण शेरीफचा माणूस स्वतःच्या किल्लीने उघडत नाही तोवर आतून काहीही झालं तरी दार उघडायचं नाही, असा नियम होता. नियम चांगला होता. वेंडेलनेच पत्र लिहून तो करायला लावला होता. मग आणखी वीस मिनिटं तो तिथेच बसून राहिला, मुलीच्या शेजारी, हातात ओला लॉलीपॉप आणि केशरी पिस्तूल घेऊन. मार्लिस त्याच्याकडे पाहत नव्हती. एकदाच, समोरच्या भिंतीकडे बघत, ती हळू म्हणाली, "आई मोजायची. मला वाटलं होतं, तेवढं तरी तुम्ही स्वतः मोजाल."

आता कुणाला वाटेल, वेंडेल स्ट्राउडची गावात छी-थू झाली. छे! आमचं गाव तसं नाही. शेरीफ लहानपणी त्याच्याबरोबर शाळेत होता. त्याने पिस्तूल पिशवीत घालून परत दिलं आणि पुढच्या वेळी जपून म्हणाला. न्हाव्याकडे एकाने कबूल केलं की त्याचं लग्नाच्या हॉलमध्ये राहिलं होतं. चर्चच्या खजिनदारांचं तर बाप्तिस्म्याच्या वेळी राहिलं होतं, तेही भरलेलं. तीन दिवस वेंडेलकडे लोक केक घेऊन येत होते, कुणी वारलं की आणतात तसे.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. वेंडेल उभा राहिला. त्याने कागद आणला होता, पण वाचला नाही.

"बंदूक पायांनी चालत शाळेत जात नाही, असं मी लिहीत आलो," तो म्हणाला. "तिला माणूस घेऊन जातो. ती मी नेली. पोरीला शब्द देऊन नेली, आणि तिने विचारलं तेव्हा नाही म्हणालो."

वेंडेल मान खाली घालून वाट बघत होता. कुणीतरी उठावं, काहीतरी बोलावं, एखादी शिवी तरी हासडावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. मागच्या रांगेत मार्लिस बसली होती. आणि मग पुढच्या रांगेतून एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळा हॉल उभा राहिला. असा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही, असं मंडळाच्या अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. नीतिमत्ता अजून जिवंत आहे याचा आम्हाला सगळ्यांना फार आनंद झाला. त्या आनंदात वेंडेलचं नाव एकमताने मंजूर झालं. शिवाय पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून शाळेच्या प्रत्येक संडासात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक मजबूत खुंटी बसवायचं ठरलं. अग्निशमन दलाने लगेच सोडत जाहीर केली. बक्षीस काय, ते सांगायला नको.

वेंडेलला नाही म्हणायचं होतं. पण सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, अध्यक्षबाई बिल्ला लावायला पुढे आल्या होत्या, आणि असल्या वेळी नाही कसं म्हणायचं हे त्याच्या बापाच्या पट्ट्याने त्याला शिकवलं नव्हतं. बिल्ला लागला. त्याने मागे पाहिलं तेव्हा मार्लिसची खुर्ची रिकामी होती.

शनिवारी तो वाणसामानाच्या दुकानात गेला. छातीवर बिल्ला, कमरेला पिस्तूल. दर दहा पावलांनी तो कमरेला हात लावून बघत होता. तेवढी सुधारणा झाली होती. पैसे द्यायच्या रांगेजवळ लॉलीपॉपची बरणी होती. त्याने सगळ्यात मोठा, लाल, उचलला. टॅन्सीचं देणं होतं ना. आणि नशीब बघा, पुढच्याच वळणावर, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांपाशी, टॅन्सी उभी होती.

वेंडेलचा चेहरा उजळला. तो वाकला आणि लॉलीपॉप पुढे केला.

टॅन्सीने आधी बिल्ल्याकडे पाहिलं, मग शर्टाच्या फुगवट्याकडे. ती थांबली. तिने लॉलीपॉपला हात लावला नाही. एक पाऊल, दोन पावलं ती मागे गेली, मग वळली, पळत आपल्या आईपाशी गेली आणि तिचा हात ओढून सांगू लागली.

"अगं वेडे," तिची आई हसून म्हणाली, आणि तिने वेंडेलला हात केला. "ते आपले मिस्टर वेंडेल आहेत."

"माहितीये मला," टॅन्सी म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

वेंडेल जागच्या जागी थांबला. लॉलीपॉप त्याने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांवर ठेवला. पुन्हा त्याला हात लावला नाही. भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून तो लांब, बाहेर, आपल्या पिकअपपर्यंत चालत गेला. चौथी गोष्ट तेवढी राहिली होती. दार उघडून तो बराच वेळ उभा राहिला, पण आमच्या गावात जाऊन सांगावं असं मोठं माणूस कोण, हे काही केल्या त्याला आठवेना.